कोठीची किल्ली

गेल्या जूनमध्ये बऱ्याच वर्षांनी बाकावर बसायचा योग आला. नातू यंदा बारावीला. त्याच्या कॉलेजात पालकांची सभा होती. मुलाला आणि सूनबाईला ऑफिसातून निघता येईना, म्हणून माझी नेमणूक झाली. म्हातारा घरात असण्याचे हे फायदे.

सभेत एक समुपदेशक बाई बोलल्या. चांगलं बोलल्या. बारावीला नव्वद टक्के घेतलेली मुलंसुद्धा पुढच्या कॉलेजात, बाहेरगावी, हॉस्टेलवर गेली की गडबडतात, कारण त्यांचं 'एक्झिक्युटिव्ह फंक्शनिंग' कच्चं असतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे काय, तर वेळेचा अंदाज घेणं, मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडणं, समोरचा मोह आवरणं, दोन-तीन गोष्टी एकदम ध्यानात धरून चालणं, आणि बेत फसला तर रडत न बसता दुसरा बेत आखणं. मी हात वर करून (सवय जात नाही) विचारलं, याला मराठीत काय म्हणायचं? बाई हसून म्हणाल्या, "कार्यकारी कौशल्ये." मला एकदम जिल्हा परिषदेचं परिपत्रक आठवलं.

घरी येताना रिक्षात शब्द सापडला. कारभार! आमच्याकडे खटाव-माणाच्या बाजूला घरच्या कर्त्या माणसाला अजून कारभारी म्हणतात. बायको नवऱ्याला 'अवं कारभारी' म्हणून हाक मारते. शास्त्रज्ञांनाही शेवटी असाच शब्द सुचला आहे. १९७४ साली बॅडली आणि हिच या दोन इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी स्मृतीचा अभ्यास करताना डोक्यातल्या या कारभाऱ्याला 'सेंट्रल एक्झिक्युटिव्ह' असं नाव दिलं. त्याचं बरंचसं काम कपाळामागच्या मेंदूत चालतं, आणि मेंदूचा हा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटून पंचविशी यावी लागते. म्हणजे अठराव्या वर्षी आपण पोराला घराबाहेर धाडतो तेव्हा त्याचा कारभारी अजून उमेदवारीच करत असतो.

बाईंनी शेवटी सगळ्यांना एक छापील तक्ता दिला. आठवड्याचे रकाने, त्यात रंग भरायचे. तो मी सूनबाईच्या हातात दिला. तिनं रात्री बसून सुंदर भरला. होय, तिनं भरला. नातू शेजारी मोबाईल बघत होता.

तो तक्ता बघता बघता माझं मन मागं गेलं, ते थेट साताऱ्याच्या एका बोर्डिंगात. पण त्याच्याही आधीपासून सांगायला हवं.

आपल्याकडे शिकायला घर सोडणं ही गोष्ट जुनी. एकोणिसाव्या शतकात पुण्यात शिकणारी गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. एखादा वार भरला नाही तर त्या दिवशी माधुकरी, नाहीतर उपास. अशा मुलाला आठवड्याचा नकाशा डोक्यात ठेवावाच लागे. कोणाच्या घरी सोवळं किती, कोणाकडे जेवायला उशीर होतो, तिथून वर्गात पोचायला किती वेळ लागतो, एखाद्या घरी सुतक आलं तर त्या दिवसाचं काय... हे सगळं तो बाराव्या-तेराव्या वर्षी सांभाळत असे. त्याला कोणी तक्ता दिला नव्हता.

महर्षी कर्व्यांची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १८७० च्या दशकात कोकणातल्या मुरुडचा हा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला आला. आणि तिथं त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही, कारण अंगानं लहानखुरा असल्यामुळे तो सतरा वर्षांचा वाटेना! पुढं कोल्हापूरला जाऊन तो ती परीक्षा पास झाला. बेत फसल्यावर दुसरा आखणं म्हणतात ते हेच. मी वर्गात ही गोष्ट तीसेक वर्षं सांगितली, आणि दरवेळी तिचं तात्पर्य 'जिद्द' असं सांगितलं. आता वाटतं, जिद्दीचं कौतुक करताना त्या पोराला परत घरी जायला घर होतं, गावात प्रेमानं शिकवणारे मास्तर होते, ही गोष्ट मी कधी सांगितलीच नाही.

आणि दुसरी एक गोष्ट त्याहून मोठी. वार मिळायला शहरात आपल्या जातीची घरं लागतात. कुणब्याचा, धनगराचा, महार-मांगाचा मुलगा शहरात आला तर त्यानं कुणाच्या ओसरीवर पान मांडायचं? त्याच्याकडे जिद्द नव्हती असं थोडंच आहे? त्याला मंगळवारच नव्हता.

ही गोष्ट नेमकी ओळखली ती राजर्षी शाहू महाराजांनी. शाळा उघडून भागत नाही, मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची आणि रात्रीच्या दिव्याची सोय झाली तरच तो शिकतो, हे जाणून त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्यातलं पहिलं. मग जैन, मुसलमान, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका समाजाचं एकेक. त्या काळात तेवढंच शक्य होतं.

त्यातल्या जैन बोर्डिंगात एक दांडगा मुलगा राहत होता. कुंभोज हे त्याचं जन्मगाव, जन्म १८८७ चा. अभ्यासात यथातथाच, कुस्तीत पुढं. हा मुलगा मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेला, आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यानं साफ नकार दिला. बोर्डिंगातून त्याला बाहेर काढलं. पुढं मॅट्रिकही न झालेल्या या मुलाला महाराष्ट्र कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखू लागला. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या कंदिलाच्या काचा विकत तो गावोगाव फिरला. विक्रेत्याला गावातली खरी परिस्थिती तलाठ्याहून जास्त कळते, असं मला नेहमी वाटतं. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यानं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं.

या बोर्डिंगात दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंक्तीला. १९२७ साली गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव दिलं गेलं, ते या गोष्टीच्या कौतुकापोटी. यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

दुसऱ्या गोष्टीवर मात्र कमी लिहिलं जातं. तिथं नोकरचाकर नव्हते. दळण, पाणी, लाकूडफाटा, झाडलोट, भाकऱ्या, भांडी, सगळं मुलांकडे. पाळ्या लावलेल्या. पुढं १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं तेव्हा शिकता शिकता शेतावर राबायचं हा रिवाजच झाला, आणि १९४७ साली साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' याच पायावर. मुलांनी माळ फोडून बागायत केली, इमारतींच्या कामावर दगड-माती वाहिली. आपण या सगळ्याकडे 'श्रमप्रतिष्ठा' म्हणून पाहतो, भाषणात तोच शब्द असतो. पण कल्पना करा की तुम्ही पंधरा वर्षांचे आहात, उद्या सकाळची भाकरीची पाळी तुमची आहे आणि परवा गणिताची परीक्षा आहे. पीठ आज दळून ठेवलं नाही तर उद्या सगळे उपाशी. लाकडं ओली असतील तर अर्धा तास जास्त धरायला हवा. म्हणजे गणित आज दुपारीच उरकायला हवं, आणि दुपारी खेळायला बोलावणाऱ्या मित्राला नाही म्हणायला हवं. समुपदेशक बाईंनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी यात आल्या की नाही? आणि रंग कुठंच भरावे लागले नाहीत!

याच बोर्डिंगातली मुलं पुढं कुठल्या कुठं गेली. पी. जी. पाटील त्यांतलेच. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

पण इथं थांबलो तर मी वर्गात करायचो तीच चूक पुन्हा होईल. काम करा, हाल सोसा, म्हणजे शहाणे व्हाल, असं तात्पर्य निघेल. तसं असतं तर दुष्काळात खडी फोडणारं प्रत्येक पोर कुलगुरू झालं असतं.

त्या बोर्डिंगाचा खरा पाया मला एका वेगळ्याच प्रसंगात दिसतो. सुरुवातीच्या काळात भाऊराव धान्य आणि वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरत, आणि मुलांचं पाहायला घरी लक्ष्मीबाई असत. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतलं धान्य संपलं. मुलांच्या पोटाला घालायला काही नाही. अंगावरचे दागिने आधीच एकेक करून गेले होते. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि त्या पैशाचं धान्य आणलं. १९३० साली त्या गेल्या. संस्थेची पुढची भरभराट त्यांना पाहायला मिळाली नाही.

ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, ती आहेच. पण त्या मुलांच्या बाजूनं बघा. त्यांतल्या कित्येकांच्या घरी 'उद्या' या गोष्टीचा काही नेम नव्हता. पाऊस येईल की नाही, सावकार बैल नेईल का, बाप मुंबईहून पैसे धाडील का, काही सांगता येत नसे. अशा घरातून आलेल्या मुलाला इथं कळलं की, काहीही झालं तरी संध्याकाळी पंगत बसते. ज्याला संध्याकाळच्या पंगतीचा भरवसा आहे तोच परवाच्या गणिताचा विचार करू शकतो.

हे माझं म्हाताऱ्याचं तत्त्वज्ञान म्हणून सोडून द्याल, म्हणून थोडं सातासमुद्रापार जाऊन येऊ.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक प्रयोग सुरू केला. चार-पाच वर्षांच्या मुलापुढं खाऊ ठेवायचा. मार्शमॅलो नावाची मऊ गोड वडी असते, तसलं काहीतरी. सांगायचं, मी बाहेर जाऊन येतो, तोवर खाल्लं नाहीस तर दोन देईन. काही मुलं लगेच खात, काही दम धरत. पुढं बऱ्याच वर्षांनी पाहिलं तर दम धरणाऱ्या मुलांचे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेतले गुण जास्त निघाले. झालं, जगभर डंका पिटला गेला, की संयम हाच यशाचा मंत्र. आमच्याही एका प्रशिक्षणात हा प्रयोग सांगितला होता. मी तो वर्गात सांगून पोरांना खजील केलं आहे.

पण गोष्ट पुढं सरकली. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी अठ्ठावीस मुलं घेतली. आधी चित्र काढायला बसवून सांगितलं, थांबा, तुम्हाला याहून छान रंग आणून देतो. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले. उरलेल्यांना परत येऊन सांगितलं, माफ करा, नाहीत. त्यानंतर वडीचा प्रयोग. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. मुलं तशीच, वयं तीच, फरक एवढाच की समोरच्या मोठ्या माणसावर विश्वास ठेवावा की नाही. मग २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती वगैरे धरून हिशेब केला तर वडीपुढं थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध बराच ओसरला.

मी हे वाचलं तेव्हा मला लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र आठवलं. आणि हुलगे आठवले.

हुलग्यांची गोष्ट माझी स्वतःची आहे. मी १९६२ ते ६७ तालुक्याच्या गावी एका लहानशा बोर्डिंगात होतो. कर्मवीरांच्या संस्थेचं नव्हे, पण वळण सगळं त्यांचंच उचललेलं. आम्ही बेचाळीस मुलं. दहावीला मी कोठीप्रमुख झालो. (तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे, दहावीची एसएससी १९७५ ला आली.) कोठीची किल्ली करदोट्याला बांधून मी जिल्हाधिकाऱ्याच्या ऐटीत हिंडायचो. रोज सकाळ-संध्याकाळ ज्वारी, डाळ, तेल, तिखट मापून द्यायचं, वहीत आवक-जावक-शिल्लक मांडायची, गुरुवारच्या बाजारला काय आणायचं याची यादी करायची. रात्री रेक्टर सर वही बघून सही करत.

एका श्रावणात घोटाळा झाला. चार-पाच नवी मुलं आली होती, त्यांचं माप मी वाढवलं पण यादी वाढवली नाही. त्यात सोबत्यांनी 'लेका, आमटी जरा घट्ट होऊ दे' म्हटलं की माझा हात सैल सुटायचा. पुढारीपण मिरवायचं होतं ना! वहीत शिल्लक मी कालच्यातून आजचं वजा करून लिहायचो, डब्यात हात घालून कधी पाहिलं नाही. एका सोमवारी सकाळी डाळीचा डबा खडखडला. बाजार गुरुवारी.

मी सरांकडे गेलो. वाटलं, रागावतील आणि दुकानातून डाळ आणवतील. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "आज सोमवार. बाजार कधी?"

"गुरुवारी, सर."

"मग कारभाऱ्यानं ठरवायचं, तीन दिवस काय करायचं ते. मला काय इचारतोस?"

तीन दिवस बोर्डिंगानं कांदा, चटणी आणि पातळ ताकाचा ठेचा यावर भाकरी खाल्ली. पंगतीत सगळे माझ्या नावानं भाकरी मोडत होते. दुसऱ्या दिवशी रात्री मी रडलो. तिसऱ्या दिवशी डोकं चालू झालं. मागच्या वस्तीवरच्या मुलाच्या घरी शेवग्याचं झाड होतं. त्याला धाडून पाला आणवला आणि भाजी केली. गुरुवारी बाजारला जाताना यादी तीन वेळा तपासली. त्यानंतर दर रविवारी डबे उघडून आत खडूनं रेघ मारायची, आणि रेघेखाली माल गेला की यादीत लिहायचं, हा माझा नेम झाला. आजही आमच्या घरच्या तांदळाच्या डब्यात आतून रेघ आहे. सूनबाई हसते.

पुढं पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः मास्तर झाल्यावर, सरांना भेटायला गेलो होतो. बोलता बोलता गुरुजीण म्हणाल्या, "त्या वक्ताला आमच्या माजघरात पोतंभर हुलगं होतं की. ह्यांनी आणूनच ठेवलं हुतं. म्हणाले, पोरं अगदीच उपाशी पडली तर माडगं करू, तवर हात लावायचा न्हाई." म्हणजे सरांना पंधरा दिवस आधीच कळलं होतं! वहीवर रोज सही करणाऱ्या माणसाला कळणारच. त्यांनी मला पडू दिलं, पण खाली हुलग्याचं पोतं अंथरून ठेवलं होतं.

आता माझ्याकडे बघा. इतकं शिकून मी मास्तर झालो आणि केलं काय? एक मुलगा होता माझ्याकडे. शेतमजुराचा, विलक्षण हुशार. त्याला बोर्डात आणायचं मी ठरवलं. त्याचं वेळापत्रक मी केलं, पहाटे चारला मी उठवलं, कुठला धडा कुठल्या दिवशी ते मी ठरवलं, नोट्स मी उतरवून दिल्या, अर्ज मी भरले. फी भरायची तारीखसुद्धा त्याला माहीत नसे. तो भरघोस गुणांनी पास झाला, इंजिनियरिंगला शहरात गेला, गावानं मिरवणूक काढली. पहिल्या वर्षी सात विषयांत नापास होऊन परत आला.

मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, तिथं काय करायचं ते कुणी सांगतच नव्हतं. मी वाट बघत होतो."

वाट बघत होता! हे वाक्य मी विसरलेलो नाही. मी त्याला पंगत दिली, पण किल्ली दिली नाही. बोर्डात येण्याची घाई माझी होती, हे आता लिहायला हरकत नाही. तो पुढं सावरला, आयटीआय करून नोकरीला लागला, पोरंबाळं आहेत. दिवाळीला फोन करतो. इंजिनियर मात्र झाला नाही, आणि तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

एक राहिलंच. ज्या वर्षी मी किल्ली मिरवत होतो त्याच वर्षी माझी थोरली बहीण, अक्का, गावाकडे अख्खं घर चालवत होती. आई आजारी. चार भावंडं, दोन म्हशी, रोजगाऱ्यांच्या भाकरी, औषधाच्या वेळा, तेला-मिठाचा हिशेब, सगळं तिच्या डोक्यात, आणि तिला अक्षर सातवीपर्यंतचं. कारभार म्हणाल तर तिच्यापुढं मी कोणीच नव्हे. बोर्डिंगाचा विचार तिच्यासाठी कुणी केला नाही. मीही नाही. कौशल्य, कौशल्य म्हणताना मला अक्काचे हात दिसतात, आणि सभेतल्या तक्त्यावरचा विश्वास आणखी थोडा कमी होतो.

असो. पुणे विद्यापीठात आजही कर्मवीरांच्या नावानं 'कमवा व शिका' योजना चालते. गरजू मुलं ग्रंथालयात, बागेत, ऑफिसात काम करतात. चांगलंच आहे. ज्याला गरज नाही अशा मुलानं किल्ली कुठून मिळवायची, हा प्रश्न आमच्या घरापुरता मी जूनमध्येच सूनबाईपुढं मांडला. ती आधी म्हणाली, "बाबा, बारावीचं वर्ष आहे हो." मग दोन दिवसांनी म्हणाली, "बरं, बघू."

जुलैपासून घरचा किराणा नातवाकडे आहे. पैसे त्याच्याकडे, यादी त्याची, हिशेब त्याचा. मोबाईलवर लिहितो, मला त्यातलं कळत नाही, पण महिन्याच्या पहिल्या तारखेला मला दाखवतो आणि मी खाली सही केल्यासारखा अंगठा दाबतो. पहिल्या महिन्यात साखर २४ तारखेलाच संपली. पाहुणे आले होते, ते त्यानं धरलं नव्हतं. पैसेही संपलेले. "आजोबा, आता?" म्हणून माझ्याकडे आला. मी म्हटलं, "आज चोवीस. पहिली तारीख कधी?" तोंड वाकडं करून गेला. आम्ही सगळे आठवडाभर गुळाचा चहा प्यालो. मुलगा दोनदा कुरकुरला, सूनबाई एकदा पर्समध्ये हात घालताना दिसली, मी डोळे मोठे केले.

ऑगस्टची साखर ३१ तारखेपर्यंत पुरली. माझ्या पुस्तकांच्या कपाटात, ज्ञानकोशाच्या मागं, अर्धा किलोची पुडी आहे. ती जुलैपासून तशीच आहे.